पोटाला भाकरी नाही तिथे स्वतंत्र पेपर काय कामाचा?

तुमचा प्रश्न असा की ज्या देशात लोकशाही नुकतीच आलीय, लोक अजून उपाशी आहेत, तिथे स्वतंत्र प्रेसचं एवढं काय कौतुक, आधी भाकरी द्या की. मी सोलापूरचा, दुष्काळ आमच्या पाचवीला पुजलेला, म्हणून भाकरीवरूनच सांगतो.

अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन म्हणतात की जिथे निवडणुका होतात आणि पेपर मोकळे असतात तिथे माणसं किड्यामुंगीसारखी मरावीत असा मोठा दुष्काळ पडलेला नाही. चीनमध्ये 1958 नंतर खालचे अधिकारी पिकाचे आकडे फुगवून वर पाठवत राहिले, वरच्यांनी त्या आकड्यांवर धान्य उचललं, आणि हे खोटंय म्हणून छापायची कुणाची टाप नव्हती. कोट्यवधी माणसं गेली. आपल्या महाराष्ट्रात 1972 ला पाऊस गेला, पीक गेलं, पण पेपरात रोज बातम्या, सभागृहात रोज बोंबाबोंब, शेवटी सरकारला दुष्काळी कामं काढावीच लागली आणि 1973 च्या उन्हाळ्यात जवळपास 50 लाख लोक कामावर होते. आमची आजी खडी फोडायला जायची. तिथे वाटायचे ती सुकडी (पिठाचं कोरडं पौष्टिक खाणं) आणि ती लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी, नुसतं नाव काढलं तरी तोंड वाकडं करायची, पण पोरं जगली ना. सरकार फार मायाळू होतं असं काही नाही ओ, लपवायला जागा नव्हती एवढंच.

आणि पेपर बंद केला की सत्तेवरचा पण आंधळा होतो. आणीबाणीत सेन्सॉरने सगळं गोडगोड छापून घेतलं, मग लोक किती पेटलेत ते दिल्लीत कळणार कुठून, 1977 ला इंदिराबाई स्वतः रायबरेलीत पडल्या.

नव्या लोकशाहीत हे फार लवकर मोडतं. म्यानमारमध्ये 2012 ला छापण्याआधीची सेन्सॉरशिप उठली, 2017 ला तिथल्या अल्पसंख्याक रोहिंग्या मुसलमानांच्या हत्याकांडाचा शोध घेणारे रॉयटर्स वृत्तसंस्थेचे दोन पत्रकार तुरुंगात, 2021 ला लष्कर परत.

तरी सगळीकडे तुरुंगच लागतो असं नाही, जाहिरातीत पण भागतं. आमच्याकडे चार-पाच दिवसाआड नळाला पाणी, आणि एखाद्या नेत्याचा वाढदिवस असला की पहिलं पान भरून 'भावी आमदार', सोबत पन्नास कार्यकर्त्यांचे पासपोर्ट साईज फोटो, पाण्याची बातमी आत कुठेतरी दोन ओळी. त्यामुळे तुमच्या मनात जो कुठला देश असेल तिथे कायदा काय म्हणतो ते नंतर बघा, आधी तिथल्या पेपरचा पगार कोण भागवतं ते बघा, वाचणारा की टेंडर देणारा.