‘हे आता माझ्याकडे बघून हसतच नाहीत’

साठी ओलांडलेल्या बायकांकडून ही तक्रार मी समुपदेशनात नेहमी ऐकते. नवरा घुम्यासारखा बसतो, काही सांगितलं तरी चेहऱ्यावर काही उमटत नाही. बहुतेकदा त्यामागे निवृत्तीनंतरचं रिकामपण असतं, कधी ऐकू कमी येत असतं, कधी खरंच नैराश्य असतं. एका काकूंनी मात्र मला आणखी एक शक्यता आधी तपासायला शिकवलं. ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

काकू एकट्याच आल्या होत्या. “४२ वर्षांचा संसार केला. नातीच्या बारशाला घर हसत होतं आणि हे आपले मख्ख. विहीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, आमचं काही चुकलं का?” आपल्यातून यांचं मन उडालंय, हे काकूंनी स्वतःशी ठरवूनच टाकलं होतं.

मी मोबाइलमधले जुने फोटो मागितले. लागोपाठच्या तीन दिवाळ्या पाहिल्या. पहिल्या वर्षी काका दिलखुलास हसताहेत, दुसऱ्या वर्षी नुसते ओठ हललेत, तिसऱ्या वर्षी तेही नाही. बायकोवर रुसलेला माणूस नातीला मांडीवर घेतल्यावर तरी खुलतो. इथे तसं नव्हतं. पुढच्या वेळी काकांना आणायला सांगितलं.

ते चालत आले तेव्हा डावा हात हलत होता, उजवा अंगाशी धरल्यासारखा. एरवी आपण मिनिटाला साधारण १५-२० वेळा पापणी लववतो. काकांची क्वचितच लवत होती. आवाज इतका बारीक की मला पुढे वाकावं लागलं. वास येतो का, असं विचारलं. “भाजणी भाजलेली कळत नाही हल्ली,” म्हणाले. चार ओळी लिहायला दिल्या तर अक्षर पुढे पुढे लहान होत गेलं.

मग विचारलं, “काका, बारशाच्या दिवशी कसं वाटत होतं?”

“मुलगा झाला तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता मला.”

चेहऱ्यावरची रेष हलली नाही. काकूंनी मात्र तोंडाला पदर लावला.

निदान करणं माझं काम नाही. चिठ्ठी देऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि पार्किन्सन निघाला. हात थरथरत नव्हते, म्हणून घरात कोणाला शंका आली नव्हती. पण कंप प्रत्येकालाच असतो असं नाही. या आजारात मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि आपसूक होणाऱ्या हालचाली मंदावतात: चालताना हात हलणं, पापणी लवणं, हसू फुटणं. आनंद आत असतो, चेहरा तो बाहेर आणत नाही. फ्रेंच डॉक्टर दुशेन यांनी १८६२ मध्ये लिहिलं होतं की खरं हसू डोळ्यांभोवतीच्या स्नायूंवरून ओळखावं. आम्हीही तेच शिकलो. काकांसारख्यांना ती कसोटी लावली तर अन्यायच होतो. (पार्किन्सनसोबत नैराश्यही येऊ शकतं, म्हणून तेही तपासून घेतलं.)

औषधांनी चाल सुधारली, चेहरा थोडाच. माझ्याकडचं काम वेगळं होतं. काकूंनी चेहऱ्यावरून अंदाज न बांधता सरळ विचारायचं, काकांनी शब्दांत सांगायचं, आणि शब्द सुचेपर्यंत काकूंनी थांबायचं. हे थांबणंच त्यांना सर्वांत जड गेलं. विहीणबाईंना फोन करून आजाराबद्दल सांगायला काकांनी स्वतःच होकार दिला.

तीन महिन्यांनी काकू आल्या तेव्हा पत्त्यांच्या डावाबद्दल सांगत होत्या. त्यांचा हुकमाचा एक्का काकांनी आधीच काढून घेतला होता. काकूंनी वर पाहिलं तर चेहरा तसाच.

“हसतोय बरं का,” काका म्हणाले.