जपानी लिहिण्याच्या सरावासाठी विद्यार्थी जीवनावर सुरुवातीला काय आणि कसं लिहावं?

रोजच्या दिनक्रमावर पाच-सहा वाक्यं लिहा, सगळी 'देस' किंवा 'मास' या सभ्य रूपांनी संपणारी. मध्येच 'दा' (देसचं अनौपचारिक रूप) नको. 'वाताशी वा' (मी) एकदाच पुरे, पुढे कर्ता गाळा. खरी गफलत 'नी' आणि 'दे' या प्रत्ययांमध्ये होते, कारण मराठीत दोन्हीकडे 'त'च लागतो. लायब्ररीत आहे: 'तोशोकान नी इमास'. लायब्ररीत अभ्यास करतो: 'तोशोकान दे बेंक्यो शिमास'. असणं तिथे 'नी', कृती तिथे 'दे'. घड्याळी वेळेला 'नी' लावा (शिचिजी नी ओकिमास: सात वाजता उठतो), 'माइनिची'ला (रोज) मात्र नाही. आणि हो, 'वा' हा प्रत्यय हिरागाना या जपानी लिपीत 'हा'च्या अक्षराने लिहितात. ऐकून लिहिणारे हमखास इथेच चुकतात. वाक्यं जोडायला दरवेळी 'सोशिते' (आणि) नको, 'ओकिते' (उठून), 'ताबेते' (खाऊन) अशी रूपं वापरा.