खुर्च्यांचा हिशेब आणि चाहत्यांचा

यंदा आलेल्या पत्रांतली बरीचशी उत्तर अमेरिकेतल्या दोन लीगबद्दल आहेत : हॉकीची एनएचएल आणि बास्केटबॉलची एनबीए. खाली जिथे जिथे ‘हॉकी’ म्हटलंय, तिथे बर्फावरची हॉकी समजावी.

प्रश्न : एका ठिकाणी वाचलं, की हॉकीला बास्केटबॉलपेक्षा जास्त प्रेक्षक येतात. दुसरीकडे बरोबर उलटं लिहिलेलं होतं. यातलं खरं कोणतं?

दोन्ही खरं. एकाने बेरीज सांगितली, दुसऱ्याने सरासरी. २०२३-२४चा नियमित हंगाम घ्या. एनएचएलची एकूण प्रेक्षकसंख्या सुमारे २.२९ कोटी, एनबीएची सुमारे २.२५ कोटी. म्हणजे हॉकी पुढे. पण एनएचएलमध्ये ३२ संघ आहेत, एनबीएमध्ये ३०. त्या हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळला, म्हणून हॉकीचे सामने झाले १,३१२ आणि बास्केटबॉलचे १,२३०. भागाकार केला की हॉकीला सामन्यामागे साधारण १७,४०० आणि बास्केटबॉलला १८,३०० माणसं पडतात. जास्तीचे ८२ सामने म्हणजे १४ लाखांहून अधिक तिकिटं. हॉकीची आघाडी आली ती तिथूनच.

पण सरासरीवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. त्या हंगामात अॅरिझोनाचा हॉकी संघ विद्यापीठाच्या ४,६०० खुर्च्यांच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, खेळत होता. तिथे घरचे ४१ सामने झाले आणि नेहमीच्या सभागृहाच्या मानाने दर सामन्याला बारा-तेरा हजार खुर्च्या कमी होत्या. या एका संघामुळे अख्ख्या लीगची सरासरी चारशेच्या आसपास खाली आली. पुढच्या वर्षी त्या संघाचा पसारा सॉल्ट लेक सिटीला गेला, आणि २०२४-२५मध्ये लीगची बेरीज २.३ कोटींच्या वर पोचली.

प्रश्न : इमारत तीच असूनही दोन खेळांची आसनक्षमता वेगळी का दाखवतात?

मैदानाचा आकार हे मुख्य कारण. हॉकीचा रिंक २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. बास्केटबॉलचं कोर्ट ९४ बाय ५०. बास्केटबॉलच्या दिवशी रिंकच्या दोन्ही टोकांना आणि बाजूंना सरकत्या खुर्च्या पुढे ओढतात, शिवाय रेषेला लागून महागड्या खुर्च्या मांडतात. म्हणून न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बास्केटबॉलला १९,८१२ माणसं बसतात, तर हॉकीला १८,००६. शिकागोच्या युनायटेड सेंटरमध्ये हेच आकडे २०,९१७ आणि १९,७१७ आहेत. चाहते कमी म्हणून नव्हे, फरशी जास्त लागते म्हणून.

खरी पंचाईत होते ती फक्त बास्केटबॉलसाठी बांधलेल्या सभागृहात हॉकी आणली की. तिथला उतार छोट्या कोर्टाच्या मध्यावर नजर जाईल असा काढलेला असतो. रिंक लांब, त्यामुळे टोकाकडच्या वरच्या रांगांतून जवळचा गोल दिसतच नाही. पुढच्या मजल्याचा कठडा आड येतो. सॉल्ट लेक सिटीच्या डेल्टा सेंटरमध्ये बास्केटबॉलला १८ हजारांवर माणसं बसत होती. हॉकी आली तेव्हा रिंक पूर्ण दिसेल अशा खुर्च्या ११ हजारांच्या आसपासच निघाल्या. बाकीच्या ‘एकच गोल दिसेल’ अशा बोलीवर विकाव्या लागल्या, आणि नंतर खुर्च्यांची मांडणी बदलायचं काम हाती घ्यावं लागलं. ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये तर रिंक मध्यभागी बसेना, एका बाजूला सरकवावा लागला. परिणामी छताला टांगलेला धावफलक मध्यरेषेऐवजी, मध्य आणि टोक यांच्यामधल्या एका निळ्या रेषेच्या डोक्यावर आला आणि एका कोपऱ्यात खुर्च्यांच्या जागी जाहिरातीची मोटार उभी राहिली. २०१५ ते २०२० या काळातली तिथल्या हॉकी संघाची, न्यूयॉर्क आयलंडर्सची, हजेरी वाचताना ती मोटार आठवावी.

प्रश्न : मग तुलना करायची कशी? घरी बसून जमेल का?

जमेल. दोन्ही संघ एकाच छताखाली खेळतात अशी शहरं निवडा. बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन, टोरंटो, डेट्रॉइट, शिकागो, डॅलस, डेन्व्हर, लॉस एंजेलिस आणि आता सॉल्ट लेक सिटी. शहर तेच, पार्किंग तेच, हवा तीच. प्रत्येक संघाची घरची सरासरी त्या खेळासाठी असलेल्या क्षमतेने भागा. दुसऱ्या खेळाची क्षमता चुकून घेतली, तर तुडुंब भरलेला हॉकीचा सामनाही नव्वद टक्क्यांवर अडकलेला दिसेल. ही चूक सर्रास होते. किमान तीन हंगाम घ्या, कारण जिंकणारा संघ कुठलंही सभागृह भरतो.

उत्तर शंभराच्या वर आलं तर दचकू नका. उभ्याची तिकिटं क्षमतेत धरत नाहीत. शिकागोचा हॉकी संघ २०१०च्या दशकात १९,७१७ खुर्च्यांच्या जागेत वर्षानुवर्षं २१ हजारांची हजेरी लावत होता. मोकळ्या स्टेडियममध्ये झालेले सामने मात्र आधी बाजूला काढा. एकच तसा सामना ४१ सामन्यांची सरासरी हजार-दीड हजाराने फुगवतो.

आणखी एक खोच. जाहीर होणारा आकडा सहसा दिलेल्या तिकिटांचा असतो, दारातून आत आलेल्या माणसांचा नव्हे. हिमवादळाच्या रात्री अर्ध्या खुर्च्या रिकाम्या दिसत असताना फलकावर १७ हजार झळकतात ते यामुळेच. सीझन तिकीटवाला घरी बसला तरी तो ‘हजर’च. त्यामुळे ९७ आणि ९८ टक्क्यांतल्या फरकावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रश्न : काल हॉकी आणि आज बास्केटबॉल, असं एकाच जागी चालतं. बर्फ रोज वितळवतात का?

नाही. बर्फाचा थर जेमतेम इंच-सव्वा इंचाचा असतो आणि तो हंगामभर तसाच राहतो. सामना संपला की काचा उतरवतात, बर्फावर उष्णतारोधक फळ्यांचं आच्छादन घालतात आणि त्यावर लाकडी कोर्टाचे तुकडे क्रमाने जोडतात. काम काही तासांचं, बहुधा रातोरात उरकणारं.

बिघडतं ते दमट हवेमुळे. बाहेर अवकाळी ऊब असेल आणि दारं उघडी राहिली, तर ओली हवा आत शिरते. खालच्या बर्फाने गार झालेलं लाकूड, हवेतल्या वाफेचं पाणी होतं त्या तापमानाच्या खाली गेलं, की थंड पेल्यावर धरतं तसं पाणी कोर्टावर धरतं. पुसून उपयोग नसतो, ते पुन्हा येतं. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी फिलाडेल्फियात सॅक्रामेंटोविरुद्धचा एनबीए सामना याच कारणाने पुढे ढकलावा लागला. उपाय म्हणजे हवा कोरडी करणारी यंत्रं आधीपासून चालवणं आणि मालाची मोठी दारं बंद ठेवणं; प्रेक्षक आत आल्यावर फार काही हातात राहत नाही.

प्रश्न : सभागृहं दोघांचीही भरतात, तर पैशात एवढी तफावत कशी?

कारण ही तफावत सभागृहातून नव्हे, टीव्हीच्या पडद्यातून येते. एनबीएचा २०२५-२६पासूनचा ११ वर्षांचा प्रक्षेपण करार सुमारे ७,६०० कोटी डॉलरचा आहे, म्हणजे वर्षाला जवळपास ६९० कोटी. एनएचएलला अमेरिकेतल्या २०२१च्या करारांतून वर्षाला सुमारे ६२.५ कोटी मिळतात. अकरा पट फरक! २०२५-२६ची वेतनमर्यादा पाहा : एनबीएत संघामागे १५.४६ कोटी डॉलर आणि १५ खेळाडू, एनएचएलमध्ये ९.५५ कोटी आणि २३ खेळाडू. डोईमागे एक कोटीच्या वर विरुद्ध जेमतेम ४२ लाख.

कारणं खेळातच आहेत. बास्केटबॉलचा नामांकित खेळाडू ४८ पैकी ३५-३६ मिनिटं समोर असतो, उघड्या चेहऱ्याने. हॉकीपटू शिरस्त्राणाआड, पाऊण-एक मिनिटाच्या फेऱ्या मारून बाकावर जातो. आघाडीचा खेळाडू ६० मिनिटांत वीस-बावीस मिनिटंच दिसतो. त्यात पक, म्हणजे हॉकीतली चकती, ३ इंच व्यासाचा. जुन्या टीव्हीवर तो सापडायचा नाही, म्हणून १९९६मध्ये फॉक्स वाहिनीने पकात इलेक्ट्रॉनिक्स बसवून पडद्यावर त्याभोवती निळी चमक आणि जोरदार फटक्यामागे लाल शेपूट दाखवली. मुरलेल्या चाहत्यांनी त्याची यथेच्छ टर उडवली आणि १९९८नंतर तो प्रकार बंद झाला. प्रत्यक्ष हजर असलेल्याला मात्र पक दिसतो, खेळाडूंच्या अदलाबदलीची लय कळते, रिंकच्या कडेच्या फळीवर आदळल्याचा आवाज ऐकू येतो. सभागृहात जमतं आणि टीव्हीवर निसटतं, ते एवढंच.

अमेरिकेचे आकडे वाचताना कॅनडा त्यात नसतो, हे विसरू नका. तिथे एनएचएलचे सात संघ आहेत, एनबीएचा एकच. रॉजर्स कंपनीने २०२६-२७पासूनच्या १२ वर्षांसाठी हॉकीला १,१०० कोटी कॅनेडियन डॉलर मोजायचं ठरवलंय. चार कोटींच्या देशातून जवळजवळ अमेरिकेइतका पैसा!

प्रश्न : एका सामन्याला सर्वाधिक गर्दी कोणी जमवली?

एनएचएलने २०१४च्या विंटर क्लासिक या उघड्यावरच्या सामन्याला मिशिगन स्टेडियममध्ये १,०५,४९१. एनबीएने २०१०च्या ऑल-स्टार सामन्याला टेक्सासमधल्या डॅलस काउबॉइजच्या स्टेडियममध्ये १,०८,७१३, पण तो प्रदर्शनी सामना. गुणतक्त्यात मोजला जाणारा एनबीएचा उच्चांक १३ जानेवारी २०२३चा, सॅन अँटोनियोच्या अलामोडोममधला : ६८,३२३. एवढ्या मोठ्या जागेत वरच्या रांगेतून पक काय, चेंडूही धड दिसत नाही. तिकीट काढायचंच असेल तर धावफलकाचा मोठा पडदा नीट दिसेल अशी रांग बघून काढा.