घाम, विसर आणि रोखपालाची खिडकी

प्रश्न : सांगलीतील एका पतसंस्थेत मी शाखाधिकारी आहे. आमच्या 48 वर्षांच्या रोखपाल बाई हल्ली बसल्या जागी घामाने भिजतात आणि नोटा दोनदोनदा मोजतात. मी पुरुष, विषय कसा काढावा?

उत्तर : ही रजोनिवृत्तीची (पाळी थांबण्याच्या काळाची) लक्षणे असू शकतात. साधारणपणे 45 ते 55 या वयात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटू लागले की मेंदूचे तापमान-नियंत्रण डळमळते, रात्री घामाने झोप मोडते आणि दिवसा लक्ष विचलित होते. तरीही निदान तुम्ही करू नये. थायरॉइडच्या विकारातही असेच घडू शकते. ‘काही सोय हवी आहे का?’ एवढेच एकांतात विचारावे. काचेच्या बंद खिडकीमागे टेबलपंखा मात्र त्यांनी मागण्याआधीच लावावा (नोटा उडण्याची तक्रार पेपरवेटने मिटते), आणि स्वच्छतागृहात जाताना त्यांच्या जागी कोण बसेल, हे रोज सकाळीच ठरवून द्यावे.