मला तेव्हाच कळायला हवं होतं

गेल्या काही महिन्यांत हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलंय की आता लिहावंसंच वाटलं. कुणाचे वडील गेलेले, कुणाच्या मुलाचं लग्न मोडलेलं, प्रसंग वेगळे पण बोट स्वतःकडेच.

त्यातल्या एका ताईंचं सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मिस्टर रात्री म्हणाले छातीत जळजळतंय, यांनी अ‍ॅसिडिटीची गोळी दिली, आणि पहाटे ते गेले. आठ महिने झाले तरी ताई रडल्या नव्हत्या. नातेवाईक म्हणायचे, "तेवढंच आयुष्य होतं गं त्यांचं." त्याने त्या आणखीनच चिडायच्या.

"मॅडम, नशीब कसलं, गोळी मी दिली ना!"

मी एमएला असल्यापासून ग्रीक नाटकांत रमलेली आहे, आणि खरं सांगायचं तर समुपदेशनाच्या सेशनमध्ये पुस्तकी थिअरीपेक्षा प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीज मला जास्त कामाला आलाय. ताईंना मी त्याच्या नाटकातल्या इडिपस राजाची गोष्ट सांगितली. बापाला मारशील, आईशी लग्न करशील असं भाकीत ऐकून तो कॉरिंथ सोडून पळतो, कारण तिथलेच राजाराणी आपले आईबाप असं त्याला वाटत असतं, आणि ते टाळायच्या धडपडीतच वाटेत ज्याला मारतो तो त्याचा खरा बाप निघतो. सत्य कळल्यावर तो स्वतःचे डोळे फोडून घेतो. बहुतेकांना गोष्ट इथवरच माहीत असते.

पण सोफोक्लीजने नव्वदीच्या आसपास, अगदी शेवटी, पुन्हा इडिपसवर नाटक लिहिलं, ते त्याच्या मृत्यूनंतर इ.स.पू. 401 मध्ये रंगमंचावर आलं. त्यात म्हातारा आंधळा इडिपस अथेन्सजवळ कोलोनसला येतो, तिथले लोक त्याला हाकलायला बघतात, तेव्हा तो म्हणतो की ती कृत्यं मी केली त्यापेक्षा जास्त भोगली, मला काही माहीतच नव्हतं. घडलं ते तो नाकारत नाही, फक्त अजाणता झालेल्या गोष्टीला गुन्हा म्हणायला तयार नाही.

ताई गप्प. मग मी कागद दिला, म्हटलं, त्या रात्री अकरा वाजता तुम्हाला जे माहीत होतं तेवढंच लिहा, पहाटेचं काही नको.

त्यांनी लिहिलं, लग्नातलं जेवण. आधीही दोनदा असंच झालेलं. तेच म्हणाले गॅस आहे. थोडा घाम, पण मे महिना.

"यावरून पहाटेचं कळतंय?"

"नाही..." बराच वेळ थांबून, "पण म्हणजे माझ्या हातात काहीच नव्हतं का हो?"

आणि मग आठ महिन्यांचं रडू आलं. मी काही बोलले नाही, बोलायचंही नसतं.

त्या दिवशी मला जे उमगलं ते माझ्या इतक्या वर्षांच्या कामातलं मोलाचं वाटतं. अपराधीपणालाही माणूस धरून बसतो, कारण 'माझी चूक' म्हटलं की निदान सूत्रं आपल्या हातात होती असं तरी वाटतं, आणि ती नव्हती हे मान्य करणं जास्त जड जातं. ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलने अशा शोकांतिकांतल्या नायकांच्या चुकीला 'हमार्तिया' म्हटलंय, त्याच्या मुळाशी नेम हुकणं आहे, दुष्टपणा नव्हे. तुम्ही स्वतःला बोल लावत असाल तर आधी हे बघा, नेम हुकला होता की मनातच वाईट होतं? आणि आज माहीत असलेलं त्या दिवशीच्या स्वतःवर लादू नका.

दुःखातून शहाणपण येतं हे एस्किलस या दुसऱ्या ग्रीक नाटककाराचं म्हणणं मला पटतं, पण ताज्या जखमेवर ते कुणाला ऐकवू नये प्लीज. ते ज्याचं त्याला वेळ आली की सापडतं.

शेवटच्या सेशनला ताई म्हणाल्या, सोसायटीच्या हळदीकुंकवाला त्या उभ्या राहून बोलल्या, छातीत जळजळ आणि घाम असं दिसलं तर गोळी देऊन झोपवू नका, 108 ला फोन करा. बोलताना आवाज कापला म्हणे. पण पूर्ण बोलल्या.