अनेक लेखकांचे मिश्र कथासंग्रह लोक आवडीने का वाचतात?

रहस्यकथा, विज्ञानकथा, ग्रामीण कथा, प्रेमकथा असे सारे एकत्र असलेले अनेक लेखकांचे संग्रह लोकांना का आवडतात, आणि त्यापेक्षा एका चांगल्या लेखकाचे पुस्तक घेणे योग्य नाही का, असे आपण विचारले आहे. प्रश्नाचा दुसरा भाग मी पूर्वी ऐकलेला आहे आणि तो ज्या स्वरात विचारला गेला तो स्वर मी आजही विसरले नाही, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

तालुक्याच्या गावातील एका ‘ब’ वर्ग वाचनालयात मी सव्वीस वर्षे ग्रंथपाल होते. खरेदीची यादी मी करायची आणि समितीने ती मंजूर करायची, अशी पद्धत होती. एका वर्षी मी यादीत असे पाच संग्रह घातले. समितीतील एका निवृत्त गुरुजींनी लाल शाईने पाचही नावे खोडली आणि म्हणाले, “बाई, ही माधुकरी झाली. चार घरचे तुकडे एका झोळीत. ग्रंथालयाने लेखक घ्यावा, झोळी घेऊ नये.” सभेत मी काही बोलले नाही. माधुकरी मागून या महाराष्ट्रात कितीतरी मुले शिकली, हे मला घरी परतताना सुचले.

बोलण्यासारखे मात्र माझ्यापाशी पुष्कळ होते. आमच्याकडे आधीपासून असलेल्या अशा एका संग्रहाच्या शेवटच्या पानावर तारखांच्या तीन चिठ्ठ्या एकीवर एक चिकटवलेल्या होत्या, आणि पहिल्या दोन्ही शिक्क्यांनी पूर्ण भरलेल्या होत्या. त्याची अनुक्रमणिका तर मी कितीदा उघडून पाहिली असेन! पुस्तकावर लिहू नये अशी पाटी भिंतीवर असतानाही सभासदांनी कथांच्या नावांपुढे पेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या. कोणी बरोबरची खूण केली होती, कोणी ‘छान’ लिहिले होते, एका भयकथेपुढे ‘रात्री वाचू नये’ असेही होते. दोन वाचकांच्या खुणा सहसा जुळत नसत. ते पान खोडरबराने स्वच्छ करणे माझे काम होते, पण मी ते कधी केले नाही.

एसटीत वाहक असलेले आमचे एक सभासद फक्त रहस्यकथा वाचत. बाबूराव अर्नाळकरांची आमच्याकडची सारी पुस्तके त्यांची दोनदा वाचून झाली होती. एका शनिवारी देवघेवीच्या टेबलावर त्यांना द्यायला काहीच उरले नाही, तेव्हा मी हा संग्रह पुढे केला, कारण त्यात दोन रहस्यकथा होत्या. आठवड्याने ते परत आले आणि त्या दोन कथांविषयी एक शब्द बोलले नाहीत. “मॅडम, त्यात तो बैल विकायला निघालेला बाप आहे ना, त्या लेखकाचे अजून काही आहे का?” असे त्यांनी विचारले. पुढील वर्षभरात मी त्यांना आधी व्यंकटेश माडगूळकर आणि मग शंकर पाटील दिले. ग्रामीण कथेच्या कपाटाकडे ते स्वतः होऊन गेले असते, असे मला वाटत नाही. त्यांना ओढ रहस्याची होती आणि पान उलटताना वाटेत दुसरेच काही भेटले. आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर मुख्यतः हेच आहे.

मराठी वाचकाला ही सवय जुनी आहे. का. र. मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून निरनिराळ्या लेखकांचे लेखन एका वेष्टनात आपल्या घरी येत आहे. लेखकाचे नाव पाहून पुस्तक घ्यावे, हा आग्रह मला त्यामुळेच कोता वाटतो. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला आपली कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. ती कथा स्वतःच्या बळावर उभी राहिली. मिश्र संग्रहात प्रत्येक कथेला तशीच संधी मिळते, कारण बहुतेक नावे वाचकाला अनोळखी असतात आणि आधीच्या कथेची पुण्याई पुढच्या कथेच्या कामी येत नाही.

शिवाय शेजार महत्त्वाचा असतो. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर या चौघांना नवकथाकार, म्हणजे मराठी कथेला नवे वळण देणारे लेखक, म्हणून एका दमात मोजले जाते. चौघांची एकेक कथा लागोपाठ वाचली, तर ते एकमेकांपासून किती दूर आहेत हे समीक्षेच्या जाड पुस्तकापेक्षा लवकर उमगते.

असे सगळेच संग्रह चांगले असतात, असे मात्र मी म्हणणार नाही. संपादकाने आपल्या मित्रमंडळींच्या कथा गोळा केलेले कितीतरी संग्रह मी पाहिले आहेत. कथा प्रथम कोठे आणि कोणत्या वर्षी प्रसिद्ध झाली, हे ज्यात सांगितलेले नाही आणि ज्याची प्रस्तावना केवळ आभारांची आहे, तो संग्रह घेऊ नये. तसेच एखाद्या लेखकाचा पल्ला एका कथेवरून कळत नाही, हे गुरुजींचे म्हणणे मला तेव्हाही मान्य होते.

म्हणून एका लेखकाचा संग्रह आपण जरूर घ्यावा, पण आधी मिश्र संग्रह वाचून ज्याच्या कथेपुढे खूण करावीशी वाटेल त्याचा घ्यावा. आणि आपण एखाद्या वाचनालयाच्या समितीवर असाल, तर यादीतील नाव खोडण्यापूर्वी ग्रंथपालाला तसल्याच एका जुन्या पुस्तकाचे शेवटचे पान उघडून दाखवायला सांगावे.