‘नुसतं पॅकिंगचं काम’

प्रश्न (थोडक्यात): मुलगी बीसीएस झाली. पुण्यात नोकरी लागून आठ महिने झाले. बरोबरीची मुलं कोडिंग करतात, हिला ‘बिल्ड अँड रिलीज’मध्ये टाकलंय. नुसतं पॅकिंगचं काम! पाहुण्यांना काय सांगायचं? राजीनामा दे आणि एमबीएची सीईटी दे म्हणतोय, ऐकत नाही. तुम्ही समजवा. – एक वडील, सांगली

उत्तर: ‘ऐकत नाही’ म्हणजे तिने काहीतरी उत्तर दिलं असणार. ते तुम्ही मला कळवलंच नाहीत. पाहुण्यांची अडचण कळवलीत! मुलगी कमावती आहे, भाऊसाहेब. तिला समजवण्याचं काम मी अंगावर घेणार नाही.

सीईटी नोकरी सांभाळूनही देता येते. तो विषय इथेच संपला.

आता पॅकिंग, म्हणजे इतरांनी लिहिलेला कोड नीट बांधून चालवायच्या जागी पोचवणं. जावा या प्रोग्रामिंग भाषेतलं वेब अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर (ते जिथून चालतं त्या संगणकावर) चढवताना बहुतेकदा वॉर फाइलमध्ये बांधतात. ती मुळात झिप फाइलच. मुलगी घरी आली की उघडून दाखवायला सांगा. आत ‘वेब-इन्फ’ नावाचा फोल्डर, त्यात ‘लिब’ आणि तिथे दुसऱ्यांनी लिहिलेल्या जार फाइलींची, म्हणजे तयार कोडच्या गठ्ठ्यांची (लायब्रऱ्यांची) रांग, प्रत्येकीचा आवृत्ती क्रमांक वेगळा. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या आत गेल्या, की प्रोग्रामरच्या मशीनवर धावणारं अ‍ॅप सर्व्हरवर आपटू शकतं. क्रमांकही उगाच नसतात: २.४.१ चं २.४.२ झालं तर चूक दुरुस्त केली, ३.०.० झालं तर जुन्याशी जुळेलच असं नाही. मेवन या बांधणीच्या साधनात ‘स्नॅपशॉट’ (अजून पक्की न झालेली) असं शेपूट असलेली आवृत्ती त्याच नावाखाली रोज बदलू शकते. ती ग्राहकाकडे गेली, तर तक्रार आल्यावर तिथे नेमका कुठला कोड चालू आहे, हे शोधताना सगळ्यांच्या नाकी नऊ येतात. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या दलाल कंपनीत २०१२ साली नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर चढला. १ ऑगस्टला बाजार उघडला, आठव्यावरचा जुना कोड जागा झाला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या वर गेले. पाहुण्यांना हे सांगा.

एक शंका मात्र मलाही आहे. आठ महिने ती नुसती कागदावरच्या पायऱ्या बघून फाइली हाताने कॉपी करत असेल, तर तिथे फार दिवस राहू नये. शेल स्क्रिप्ट, जेन्किन्सची पाइपलाइन, डॉकर (ही कामं आपोआप व्हावीत म्हणून वापरायची साधनं) यांतलं काही ती स्वतः लिहिते का? नसेल, तर आधी टीम लीडकडे ते काम मागावं. वर्षभरात मिळालं नाही, तर दुसरी कंपनी बघावी.

याचं उत्तर तिच्याकडूनच हवं. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी वाचायला मागू नका.